बॉनेटवरची दोन अक्षरं

१

सोमवारी सकाळी चनबसप्पा शेठनी आपली परदेशी गाडी शेडमधून बाहेर काढायला लावली, आणि ऊन पडताच बॉनेटवर दोन लहानशी अक्षरं दिसली. मर.

साल चौऱ्याहत्तर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेठचा टॉवेलचा कारखाना आणि आवारातच बंगला. माग तेव्हा बंद होते. मागांच्या फिरत्या पट्ट्यांना लोखंडी जाळ्या बसवा, एका बाईची बोटं गेली तेवढी पुरे, असं कामगारांचं म्हणणं होतं आणि शेठ ऐकत नव्हते. शनिवारी शेठ मुंबईहून परतले ते थेट फाटकावरच्या गर्दीत सापडले. गर्दीमुळे गाडी स्टेशनवर गेलीच नव्हती, ते टांग्यानं आले होते. मागांची दुरुस्ती बघणारा शिवपुत्र सगळ्यांदेखत त्यांना म्हणाला, “तुमच्या पट्ट्यात गुतून आमी मरणार न्हाय, मालक. मरायचंच आसंल तर...” आणि पुढचं त्यानं गिळलं.

ते गिळलेलं वाक्यच बॉनेटवर बाहेर पडलं, असं सोमवारी सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुपारपर्यंत शिवपुत्र पोलीस चौकीत होता. जिवे मारायची धमकी. दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभा करायचा. फाटकावर उभा राहून माफी माग, तक्रार मागे घेतो, असा शेठनी निरोप धाडला, तर पठ्ठ्या म्हणाला, “आज न केल्याची माफी मागितली, तर उद्या न केल्याची फाशी बी घे म्हनतील.”

आणि मला बोलावणं आलं ते शब्द पुसायला.

मी गिरिजाबाई. भवानी पेठेत माझं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. नवरा गेल्यावर नातेवाईक म्हणाले, बाई, शटर ओढा आणि घरी पापड लाटा. मी म्हटलं, पापड तुम्ही लाटा. नवऱ्याच्या हयातीतही अवघड ओरखडे मीच काढत होते आणि शाबासकी तो घेत होता. सोलापुरात माझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला धजत नाही.

मी गेले तेव्हा आवारात शेठ होते, पंचनाम्याला आलेले फौजदार होते, मॅनेजर महिपती होता आणि गाडीजवळ ड्रायव्हर मायाप्पा खाली मान घालून उभा होता.

“गिरिजाबाई, तेवढं पुसून टाका की,” शेठ म्हणाले. “येणारा-जाणारा वाचतोय.”

मी बॉनेटवर वाकले. अक्षरांवरून अंगठ्याचं नख हळूच आडवं फिरवलं. एकदा, आणि मग पुन्हा. नख कुठंच अडकलं नाही.

मी पिशवी उचलली आणि म्हटलं, “मी हे पुसणार नाही.”

२

शेठना ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती. त्यांचे कान लाल झाले.

“का म्हणून?”

“कारण हे पुसलं की शिवपुत्र आत गेला. आणि हे त्यानं लिहिलंय असं मला वाटत नाही.”

महिपती मॅनेजर पुढं आला. गोड बोलणारा माणूस, आणि मला गोड बोलणाऱ्याची पहिल्यापासून ॲलर्जी. “अहो बाई, मी डोळ्यांनी बघितलंय. रविवारी संध्याकाळी शिवपुत्र शेडजवळ होता. हातात धागा ओढायचा लोखंडी हूक होता. त्यानंच कोरलंय. मी जबाबही दिलाय.”

“हूकच होता? नीट बघितला?”

“चकाकताना बघितला.”

“छान,” मी म्हटलं. “फौजदारसाहेब, जरा जवळ या.”

आता गाडीबद्दल सांगायला हवं. आपल्याकडच्या गाड्यांचा रंग म्हणजे नुसता रंग. कंपाउंड, म्हणजे चकाकी आणायचं खरखरीत मलम, लावून घासलं की फडक्याला गाडीचाच रंग लागतो, त्यात भ्यायचं काही नसतं. शेठची गाडी मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातली. तिचा हिरवा रंग चमकीचा, आणि त्या चमकीवर लॅकरचा बिनरंगी थर, काचेसारखा. थर कागदाहून पातळ. ओरखडा त्या थरात असेल तर निघतो. थर संपून चमकीला धक्का लागला, की तिथं कायमचा मळकट डाग आणि अख्खं बॉनेट नव्यानं रंगवायचं. म्हणून अशा गाडीवर काम करताना डोळा फडक्यावर ठेवायचा. फडकं पांढरं आहे तोवर आपलं राज्य. हिरवं झालं की राज्य गेलं.

मी मायाप्पाकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि बॉनेटवर ओतलं. पाणी अक्षरांवर पसरलं, आणि अक्षरं नाहीशी झाली.

“अरे!” फौजदार म्हणाले.

“थांबा.” मी फडक्यानं पाणी टिपलं. उन्हात बॉनेट वाळलं तशी अक्षरं पुन्हा वर आली. “हुकानं कोरलं असतं तर खाच पडली असती. खाच पाण्यानं बुजत नाही, तिच्यात नख अडकतं आणि कडेला लॅकरचे टवके उडतात. इथं तसलं काही नाही. वरच्यावर केसासारख्या बारीक रेघा आहेत. भिंगातून बघा. एका लोखंडी टोकाची एक रेघ नाही, पुष्कळ रेघा शेजारी-शेजारी आहेत, बोटाच्या रुंदीच्या.”

फौजदारांनी माझं भिंग घेतलं आणि बराच वेळ बघितलं.

“आणि आता हे बघा.” मी पिशवीतून जुना टॉवेल काढला. शेठच्याच कारखान्याचा होता, पण धुऊन-धुऊन मऊ झालेला. करकरीत नव्या टॉवेलात सुताची खळ असते, ती लॅकरवर नवे ओरखडे पाडते. शेठचा नवा माल शेठच्याच गाडीला चालत नाही. टॉवेलाच्या टोकाला बारीक कंपाउंड लावलं, पाण्याचा थेंब घेतला, आणि फक्त ‘र’च्या शेपटीवर सरळ, हलक्या हातानं घासलं. गोल-गोल फिरवायचं नाही, जोर लावायचा नाही, बॉनेट गरम होऊ द्यायचं नाही. थोडं घासून पुसलं. शेपटी गेली होती. टॉवेल पांढराच होता.

“वरच्या थराच्याही वरवर आहे,” मी म्हटलं. “हे हुकानं लिहिलेलं नाही. गाडीवर धूळ होती, तिच्यात कुणीतरी बोटानं लिहिलं. धुळीत वाळू असते. वाळूवरून बोट फिरवलं की बोटाचाच काचपेपर होतो. नंतर गाडी धुतली. ओली असताना काही दिसलं नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातही आलं नाही. हो की नाही, मायाप्पा?”

मायाप्पानं मान आणखी खाली घातली. महिपती मात्र बोलला. “धूळ? गाडी तर शेडमध्ये होती. वर चादर घातलेली. मालक मुंबईला गेल्यापासून ती हललीच नाही.”

“खरं आहे का?” फौजदारांनी मायाप्पाला विचारलं.

“व्हय साहेब,” तो पुटपुटला. “हितंच हुती.”

मग धूळ आली कुठून?

३

मी चौकीवर गेले. फौजदारांनी शिवपुत्राला भेटू दिलं. ते माणूस बरे होते. फक्त त्यांना उद्यापर्यंत कुणीतरी एक हवा होता.

शिवपुत्र बाकावर मांडी घालून बसला होता. चपला बाकाखाली.

“रविवारी शेडकडं गेला होतास का?”

“गेलतो की. खोटं कशाला सांगू?”

“कशाला?”

“मायाप्पाला इचारायला. मालक जाळ्यांचं काय बोलला का, म्हून. त्यो गाडीच्या दाराला कायतरी चोळत हुता. मला बघून दचकला आन् जा म्हनला. मी आलो.”

“हातात हूक होता?”

“माग बंद हायत, अक्का. हूक घिऊन काय दात कोरू?”

मला हसू आलं. मग त्याला म्हटलं, “शिवपुत्र, माफी मागितलीस तर आज घरी जाशील. बायको चौकीबाहेर बसलीय.”

“तिनंच सांगून धाडलंय, माफी मागून आलास तर घरात घेनार न्हाय म्हून.” त्यानं मान वर केली. “अक्का, मी आज वाकलो तर जाळ्या बसनार न्हाईत. सगळे म्हनतील, शिवपुत्रानंच धमकी दिली, मंग आपुन कशाला तोंड उगडायचं? पुन्हा कुनाची तरी बोटं जातील. मला कोरटात न्या, कुटं बी न्या. मी न्हाय मागनार.”

मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. सरळ माणसाची हीच अडचण असते, त्याला वाचवायला गेलं तर तो मदत करत नाही.

पण जाता जाता त्यानं मला एक गोष्ट दिली होती. शेडमध्ये चादर घातलेल्या, न हललेल्या गाडीच्या दाराला मायाप्पा रविवारी काय चोळत होता?

४

परत येऊन मी गाडीभोवती फिरले. तिरक्या उन्हात, कारण गाडीचं खोटं तिरक्या उन्हातच उघडं पडतं.

डाव्या बाजूच्या दारावर गोल-गोल पुसट वेटोळी होती. अडाण्यानं घासलेलं. माझ्याकडं शिकायला आलेल्या माणसानं असं घासलं असतं तर मी त्याला दोन दिलेच असते. वेटोळ्यांखाली लांबलचक रेघा अजून थोड्या-थोड्या दिसत होत्या, पुढून मागं गेलेल्या. तशाच रेघा टपावर, आणि तिथं तर कुणी हातही लावला नव्हता. दाराच्या मुठीच्या सांध्यात गुलाबी भुकटी अडकली होती. बोटावर घेऊन वास घेतला. लवंग.

दंतमंजन! कंपाउंड मागायला माझ्याकडं आला असता तर मी चार प्रश्न विचारले असते, म्हणून मायाप्पानं घरच्या दंतमंजनानं ओरखडे काढायचा उद्योग केला होता.

टपाच्या कडेला पावसाचं पाणी जायची पन्हळ असते. तिच्यात बोट घातलं, तर बाभळीची वाळलेली पिवळी फुलं निघाली. एमआयडीसीत तेव्हा सावली हवी असेल तर विजेच्या खांबाला टेकावं लागे. बाभूळ तिथं कुठून येणार?

म्हणजे गाडी गावाबाहेर गेली होती. धुळीच्या रस्त्यानं गेली होती, बाभळीच्या फांद्या घासत गेली होती. मला एवढंच कळलं, आणि ते पुष्कळ होतं.

मी मायाप्पाला शेडच्या मागं गाठलं. त्याच्यापुढं फुलं धरली.

“कुठं नेली होतीस गाडी?”

“कुटंबी न्हाय, अक्का.”

“मायाप्पा, दंतमंजनानं दात घासतात. लॅकर नाही. थर फाटला असता म्हणजे? कुठं नेली होतीस?”

त्याचे डोळे भरून आले. मोठा दांडगा माणूस, पण पोरासारखा बाहीनं डोळे पुसायला लागला. “मला इचारू नका. आण घातलीया मला.”

“तिकडं शिवपुत्र आत बसलाय, आणि तू आण सांभाळतोस? लाज वाटत नाही?”

“वाटती की. सकाळपासनं घास गिळला न्हाय.”

“महिपतीनं घातली आण?”

त्यानं मान हलवली. नाही.

“त्या अक्षरांत कुणाला मर म्हटलंय तेवढं तरी सांग.”

तेव्हा मायाप्पानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू बावळट तो नसून मी आहे. “कुनालाच न्हाय,” तो म्हणाला. आणि त्याची नजर नकळत बंगल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं गेली.

५

फौजदार काही त्या खिडकीच्या आत जाऊ शकत नव्हते. मी जाऊ शकत होते. बाईमाणूस असण्याचे फायदे फार नाहीत, म्हणून जे आहेत ते मी सोडत नाही.

आत शेठची बायको सुंदरम्मा होती. तिनं मला पाट दिला. चुलीपाशी शेठची आई बसव्वा ज्वारीच्या पिठाची परात पुढ्यात घेऊन बसली होती. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, ताठ पाठ. मी नमस्कार केला. ती हसली, पण मी काय बोलले ते तिला कळलं नाही.

“अत्तींना, सासूबाईंना, ऐकू येत नाही,” सुंदरम्मा म्हणाली. “मोठा ताप आला होता, त्यात कान गेले. तेव्हा त्या अक्कलकोटपलीकडं मैंदर्गीला होत्या. रडत बसल्या नाहीत. गावात मोठ्या माणसांचा लिहायचा-वाचायचा वर्ग होता, तिथं जाऊन अक्षरं शिकल्या. म्हणाल्या, कानानं गेलं ते डोळ्यानं परत आणते.” सांगताना तिचा आवाज अभिमानानं भरला होता. “तुम्ही बसा, दूध घ्या.”

बोलता बोलता तिनं सासूच्या पुढ्यातल्या पिठात बोटानं दोन अक्षरं काढली. मी वाचली. हाल.

माझं मन चरकलं. कुणाचे हाल? या घरात म्हातारीचे हाल चालले आहेत की काय? आणि तसं असेल तर सून ते तिच्याच पुढ्यात लिहून कशाला दाखवते?

बसव्वानं पीठ वाचलं, मान डोलावली, उठली, आणि शिंक्यावरून दुधाचं भांडं काढून माझ्यापुढं पेला भरला.

मी पेल्याकडं बघत राहिले. हाल. कानडीत हाल म्हणजे दूध.

म्हातारीला बोलता येत होती फक्त कानडी. तिला शिकवणारा मास्तर मराठी, त्यानं शिकवलेली अक्षरं मराठी. त्यामुळं या घरात तिच्यासाठी सगळे कानडी बोलणं मराठी अक्षरांत लिहीत होते. आणि मी, मैंदर्गीकडचीच, घरात कानडी आणि शाळेत मराठी शिकलेली, आल्यापासून ती दोन अक्षरं चुकीच्या भाषेत वाचत होते. शेठही तसेच वाचत होते. आमच्याकडं देवनागरी दिसली की डोकं आपोआप मराठीत जातं.

मी परातीतलं ‘हाल’ हातानं पुसलं आणि त्या जागी बोटानं लिहिलं, मर.

बसव्वानं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं चटकन तळहात फिरवून पीठ सारखं केलं आणि दाराकडं बघत कानडीत विचारलं, “मायाप्पानं सांगितलं?”

६

कानडीत मर म्हणजे झाड. लहान असताना गिड, मोठं वाढलं की मर.

बसव्वानं मला सगळं सांगितलं. ती हळू बोलतेय असं तिला वाटत होतं, पण आवाज भिंतीपलीकडं जात होता. तिची मुलगी शांतम्मा विधवा झाली आणि तिनं दुसरं लग्न केलं. शेठनी त्या दिवसापासून बहिणीचं नाव घरात काढू दिलं नव्हतं. शांतम्मा मैंदर्गीला राहत होती आणि नुकतीच बाळंत झाली होती. शेठ मुंबईला गेले, तशी म्हातारीनं मायाप्पाला गाडी काढायला लावली आणि लेकीला भेटून आली. कुणाला सांगणार नाही अशी त्याला आण घातली.

वाटेत गाडी थांबली. बाहेर उतरून ती मोठ्यानं विचारत राहिली, का थांबलास, काय झालं? मायाप्पानं ओरडून काय उपयोग? त्यानं धुळीनं भरलेल्या बॉनेटवर, तिच्यासमोर, बोटानं लिहिलं. मर. पुढं वळणाआड बाभूळ आडवी पडल्याचं त्याला समोरून आलेल्या बैलगाडीवाल्यानं ओरडून सांगितलं होतं. मग फांद्या घासत त्यानं कडेनं गाडी काढली.

अक्षरं एवढी लहान का, तेही कळलं. धमकी देणारा हात आखडून लिहीत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाचता यावं एवढीच ती अक्षरं होती.

पण बसव्वाला कारखान्यातलं काहीच माहीत नव्हतं. सकाळपासून माणसं का जमली, पोलीस का आला, कुणी तिला लिहून सांगितलं नव्हतं. मी पिठात एक-एक शब्द लिहीत गेले. शिवपुत्र. पोलीस. जेल. आणि पुन्हा, मर.

तिनं वाचलं. पहिल्यांदा तिला कळलं नाही, मग कळलं. ती उठली. हात पिठाचे तसेच. सुंदरम्मा “अत्ती, अत्ती” करत मागं धावली, पण ते ऐकायला कान कुठं होते?

आवारात शेठ आणि फौजदार बोलत उभे होते. बसव्वा गाडीपाशी गेली, बॉनेटवर पिठाचा हात आपटला आणि कानडीत गरजली. मी फौजदारांना मराठी करून सांगत होते, पण पहिलं वाक्य सांगायची गरजच पडली नाही, कारण त्यात शांतम्मा हे नाव होतं आणि ते ऐकून शेठ पांढरे पडले.

“अव्वा,” ते कसेबसे म्हणाले, आणि मग ती त्यांचे ओठ वाचू शकेल असं हळू, “मी नको म्हटलं होतं.”

म्हातारीला ओठ कळले. तिनं कानडीतली जुनी म्हण त्यांच्या तोंडावर मारली. “गिडवागि बग्गद्दु मरवागि बग्गीतेनु?” रोपटं असताना जे वाकलं नाही, ते झाड झाल्यावर वाकेल होय?

मायाप्पा हुंदका देऊन पुढं आला आणि म्हणाला, “मीच लिवलं, साहेब. ह्या बोटानं. मला वाटलं धुतल्यावर गेलं. सकाळी दिसलं तवा जीभच उचलली न्हाय.”

फौजदारांनी त्याला तिथंच आवारातल्या धुळीत बोटानं तोच शब्द लिहायला लावला. ‘म’ची गाठ तशीच, ‘र’ तसाच उजवीकडं झुकलेला. मग ते महिपतीकडं वळले. “आणि तुम्ही चकाकताना बघितलेला हूक?”

महिपती घाम पुसत म्हणाला, “मला तसं वाटलं होतं.”

“तुम्हाला वाटलं नव्हतं,” मी म्हटलं. “शिवपुत्र आत गेला की जाळ्यांची कटकट मिटेल आणि मालक खूश होतील, एवढंच तुम्हाला वाटलं होतं. शेडकडं तो आला हे खरं. त्यात हूक तुम्ही घातलात, आणि तिथंच फसलात. लोखंड लॅकरला कसं कापतं ते तुम्हाला माहीत नव्हतं.”

महिपतीनं शेठकडं बघितलं. शेठ त्याच्याकडं बघत नव्हते. त्यांचे डोळे आईच्या पिठाळ हातांवर होते.

“जाऊ द्या,” शेवटी ते फौजदारांना म्हणाले. “गैरसमज झाला. तक्रार नाही माझी. सोडा त्याला. आणि गिरिजाबाई, आता तरी पुसा ते.”

“पुसते,” मी म्हटलं. “पण आज नाही. आधी शिवपुत्र सुटू दे.”

७

संपलं असं मला वाटलं होतं. पण फौजदारांनी चौकीवर जाऊन दार उघडलं, तर शिवपुत्र बाकावरून उठेना.

“जा, सुटलास तू,” फौजदार म्हणाले.

“कोन म्हनतंय?”

“मी म्हणतो.”

“तुमी न्हाय धरलं मला, साहेब. मालकानं धरायला लावलं. सगळ्या सोलापुरात झालं, शिवपुत्रानं खुनाची धमकी दिली. आता हळूच मागच्या दारानं सोडताय व्हय? मालकानं हितं यावं आन् सांगावं. मंग उठतो.”

“अरे, येडा की काय! कोर्टात जायचंय का तुला?”

“चला की. तितं तरी सगळ्यांसमोर बोलतील.”

फौजदारांनी कपाळाला हात लावला. मला मात्र तो माणूस तेव्हा फार आवडला. मी तशीच परत बंगल्यावर गेले आणि शेठना सांगितलं. ते म्हणाले, “मी जाणार नाही. चुकून झालं, सोडलं, आता आणखी काय? कामगाराच्या पाया पडू?”

मी वाद घातला नाही. आत जाऊन पिठात सहा-सात शब्द लिहिले.

थोड्या वेळानं गाडी चौकीसमोर उभी राहिली. बॉनेटवर ती अक्षरं तशीच होती, फक्त ‘र’ची शेपटी तेवढी गेलेली. पुढच्या सीटवर मायाप्पाशेजारी बसव्वा बसली होती, मागच्या सीटवर शेठ, आणि त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शिवपुत्राची बायको दाराशी उभी होती, कारखान्यातली माणसं रस्त्यापलीकडं जमली होती. त्यांच्यात बोटं गेलेली ती बाईही होती, हात पदराखाली घेऊन.

शेठ आत आले. बसव्वा त्यांच्या मागं, दाराला टेकून. शिवपुत्र बसूनच होता.

शेठ खाली बघत ओठातल्या ओठात म्हणाले, “चूक झाली.”

फौजदार घाईनं म्हणाले, “झालं, सांगितलं त्यांनी. ऊठ आता.”

“थांबा!” बसव्वा कानडीत ओरडली. सगळे दचकले. ती पुढं आली आणि लेकाच्या खांद्याला धरून तिनं त्याला गर्दीकडं वळवलं. “काय म्हणालास? मला नाही ऐकू आलं. मोठ्यानं सांग. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं सांग.”

शेठनी आईकडं बघितलं. तिला काहीच ऐकू येणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला, गळ्याची शीर फुगली.

“शिवपुत्रानं काही केलं नव्हतं!” चनबसप्पा शेठ ओरडले. रस्त्यापलीकडच्या माणसांनी माना वर केल्या. “मी खोटं धरलं त्याला! चूक माझी!”

“अजून,” म्हातारी म्हणाली.

“आणि जाळ्या बसवतो!”

तेव्हा शिवपुत्रानं बाकाखालून चपला ओढल्या, पायात घातल्या आणि तो उठला.